तोट्याची नोंद



ज्या मास्तरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या सभागृहात जमतो, त्यांनी हयातीत एकही भाषण केल्याचे मला स्मरत नाही. आणि त्यांच्या नावाने चाललेल्या व्याख्यानमालेत त्यांचाच एक विद्यार्थी क्रिप्टोच्या व्यापाराविषयी बोलणार आहे असे कोणी त्यांना सांगितले असते, तर त्यांनी चष्मा कपाळावर चढवून सांगणाऱ्याकडे अंमळ पाहिले असते आणि पुन्हा वहीत डोके घातले असते. मालेच्या चालकांनीही विषय ऐकल्यावर मला दोनदा विचारले की, याहून काही भारदस्त सुचत नाही का? सुचले असते. परंतु गेल्या काही वर्षांत माझ्याकडे सल्ल्यासाठी म्हणून जी तरुण माणसे आली, आणि सल्ला न घेता परत गेली, त्यांच्यापैकी निम्म्यांच्या खिशातल्या फोनमध्ये हा विषय होता. शिवाय मला असेही वाटते की, या अतिनव्या व्यापाराविषयी जे सांगणे सर्वांत निकडीचे आहे, ते मास्तरांनी फार पूर्वी, माझ्यासमक्ष, एका किराणा दुकानात सांगून ठेवले आहे.

मास्तर शाळेत जमाखर्च शिकवीत आणि शाळा सुटल्यावर पेठेतल्या एका दुकानाची कीर्द लिहीत. त्यांची पिशवी धरून मी मागोमाग जात असे. दिवाळीच्या पाडव्याचा आदला दिवस होता, जुन्या वहीतल्या बाक्या नव्या वहीत ओढण्याचे काम चालले होते, आणि एका गिऱ्हाइकाच्या नावावर तीनशे चाळीस रुपये येणे निघाले. त्या गिऱ्हाइकाने गाव सोडल्याला सहा वर्षे झाली होती, आणि ती सहाही वर्षे ती रक्कम ‘येणे’ या सदराखाली एका वहीतून दुसऱ्या वहीत, पालखीत बसून जावी तशी, मोठ्या इतमामाने जात होती. मास्तर म्हणाले, यंदा हे बुडीत खाती टाकू. दुकानाचे मालक गादीवरून उठून अक्षरशः हात जोडते झाले. म्हणाले, “मास्तर, लिहू नका हो. लिहिलं की बुडालं.” मास्तरांनी टाक दौतीत बुडवला, निबाचा थेंब दौतीच्या काठाला पुसला, आणि वर न पाहता म्हणाले, “शेठ, बुडालंय. म्हणून लिहायचं.”

माझ्या आजच्या व्याख्यानात या दोन वाक्यांपलीकडे फारसे काही नाही. ज्यांना शेवटची बस गाठायची असेल त्यांनी निर्धास्तपणे उठावे.

जे बसले आहेत त्यांच्यासाठी आधी या बाजाराचे स्वरूप थोडक्यात सांगतो. सातोशी नाकामोतो असे नाव धारण केलेल्या, आणि आजतागायत प्रकटपणे कोणासमोर न आलेल्या, व्यक्तीने वा व्यक्तिसमूहाने २००८ च्या ऑक्टोबरात बिटकॉइनची कल्पना मांडली आणि ३ जानेवारी २००९ रोजी त्या चलनाचा पहिला खंड निर्माण झाला. या नाण्यांची संख्या २ कोटी १० लाखांच्या पलीकडे जाणार नाही असा निर्बंध त्याच्या घडणीतच आहे. त्यामागून हजारो इतर नाणी आली, त्यांतल्या कित्येकांवर असा कोणताही निर्बंध नाही, आणि ही एक गोष्ट तुम्ही लक्षात ठेवावी अशी माझी विनंती आहे, कारण पुढे आपली तिच्याशी गाठ पडणार आहे. हे चलन चांगले की वाईट, सरकारने त्यावर बंदी घालावी की त्याला मान्यता द्यावी, हा वाद मी आज उकरून काढीत नाही. मला बोलायचे आहे ते त्यात सौदे करणाऱ्या माणसाविषयी, आणि त्यातही, भाव पडू लागल्यावर तो माणूस काय करतो याविषयी.

दलाल स्ट्रीटवरचा शेअरबाजार दुपारी साडेतीनला बंद होतो. शनिवार-रविवार सुट्टी असते, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मुहूर्ताचे सौदे होतात, आणि एकंदरीत माणसाला घरी जाऊन जेवायला, बायकोचे चार शब्द ऐकून घ्यायला, आणि आपण आज काय करून बसलो याचा विचार करायला वेळ मिळतो. क्रिप्टोच्या बाजाराला घंटा नाही. तो रात्री अडीचला चालू असतो, गणेश चतुर्थीला चालू असतो, घरात सुतक असताना चालू असतो. ज्या बाजाराला बंद होण्याची वेळ नाही त्या बाजारात हिशेब मिटवण्याचाही दिवस नाही. म्हणजे पाडवाच नाही! आणि पाडवा नसलेल्या दुकानात ‘येणे’ किती वर्षे ओढले जाईल, हे आपल्या त्या शेटजींवरून तुम्ही ताडू शकाल.

त्यातून चढउतार किती? बिटकॉइन हे या कुळातले सर्वांत वडीलधारे नाणे. २०१७ च्या डिसेंबरात ते जवळजवळ २०,००० डॉलरला पोचले आणि वर्षभरात ३,२०० च्या आसपास उतरले. २०२१ च्या नोव्हेंबरात ते ६९,००० डॉलरला टेकले, आणि पुढच्या नोव्हेंबरात १६,००० च्याही खाली होते. वडीलधाऱ्याचे हे वर्तन, तर धाकट्यांविषयी काय बोलावे?

आता एक गणित. मास्तर ते फळ्यावर मांडीत. मी तोंडी सांगतो. शंभर रुपयांतले दहा गेले, नव्वद उरले. शंभरावर परत यायला नव्वदांवर दहा नव्हे, अकरा टक्क्यांहून थोडी अधिक वाढ लागते. येथवर फारसे बिघडत नाही. पण पन्नास गेले तर उरलेल्या पन्नासांची दुप्पट व्हावी लागते. नव्वद गेले तर उरलेल्या दहांची दसपट. तोटा उतरतो एका हिशेबाने आणि चढावे लागते दुसऱ्याच हिशेबाने, ही गोष्ट सहावीतल्या मुलाला समजते. पण तीच गोष्ट स्वतःच्या पैशांबाबत पदवीधर माणसाच्या ध्यानात येत नाही, आणि ज्या तोट्यातून दहा टक्क्यांवर बाहेर पडता आले असते त्यात तो नव्वद टक्क्यांपर्यंत, एखादी शपथ पाळावी तसा, बसून राहतो.

माझ्या पुतण्याची हकिगत त्याच्या परवानगीने सांगतो. तो अभियंता आहे, निर्व्यसनी आहे, आणि आमच्या घराण्यात गणितात पैकीच्या पैकी गुण मिळवणारा पहिला मुलगा आहे.

२०२२ च्या मे महिन्याच्या आरंभी त्याने लुना नावाची वीस नाणी घेतली. भाव ऐंशी डॉलरच्या आसपास होता. आपल्या रुपयांत नाणे सुमारे ६,२०० ला पडले, म्हणजे एकूण १,२४,००० रुपये गुंतले. ही लुना काय चीज होती हे समजून घेण्यासारखे आहे. दो क्वॉन नावाच्या कोरियन तरुणाच्या कंपनीने तिच्या जोडीला दुसरे एक नाणे काढले होते, टेरायूएसडी; त्याचा भाव सदैव एक डॉलर राहील असे वचन होते. पण त्या वचनापाठीमागे तिजोरीत तितके डॉलर ठेवलेले नव्हते. व्यवस्था अशी होती की, कोणीही एक टेरायूएसडी आणून द्यावे आणि त्याबदली एक डॉलर किमतीची लुना न्यावी, जी त्याच क्षणी नवी पाडली जाईल. अँकर नावाच्या योजनेत टेरायूएसडी ठेवल्यास सालिना जवळजवळ वीस टक्के व्याज मिळे. वीस टक्के! आपल्याकडे एखाद्या पतपेढीने हा दर फलकावर लावला असता, तर पेन्शनरांनीही दोन पावले मागे सरून संचालकांची नावे वाचली असती.

७ मेपासून टेरायूएसडीचा डॉलरशी असलेला सांधा निखळू लागला. लोक ते आणून लुना नेऊ लागले, नेलेली लुना बाजारात विकू लागले, लुनाचा भाव पडू लागला; भाव पडला म्हणून प्रत्येक डॉलरपोटी अधिक लुना पाडावी लागली, अधिक पाडली म्हणून भाव आणखी पडला. सुमारे ३५ कोटी नाणी होती, ती आठवड्याभरात साडेसहा लाख कोटींवर गेली. मघाशी ज्या निर्बंधाचा उल्लेख केला, त्याच्या अभावाचा हा अर्थ.

९ तारखेच्या रात्री भाव तीस डॉलरवर आला तेव्हा पुतण्याचा मला फोन आला. विकू का, असे विचारण्यासाठी तो फोन नव्हता. तो म्हणाला, “काका, मी ॲव्हरेज केलं.” २,३०० च्या भावाने त्याने आणखी वीस नाणी घेतली होती. ६,२०० ची सरासरी ४,२५० वर आली होती, आणि त्याच्या स्वरात, काय सांगू, एखाद्याचा पगार वाढावा तसे समाधान होते. ११ तारखेला भाव एक डॉलरवर, म्हणजे सत्त्याहत्तर रुपयांवर आला. त्याने आणखी दोनशे नाणी घेतली. आता त्याच्यापाशी २४० नाणी होती, एकूण १,८५,४०० रुपये गेले होते, आणि सरासरी उतरून ७७२ रुपये पन्नास पैसे झाली होती. रात्री तो घरी आला आणि फोन माझ्यापुढे धरून म्हणाला, “बघा काका, आता फक्त ७७२ झालं की मी सुटलो. सोमवारी मला ६,२०० लागत होते.” त्या फोनवर लाल आकडे आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत बदलत होते. मी चष्मा लावून वाचायला घ्यावा तो आकडा वाचून होण्याआधी दुसराच होई.

१३ तारखेला भाव एका पैशाच्याही खाली होता. २४० नाण्यांना मिळून टपरीवरचा एक चहा आला नसता.

श्रोतेहो, या मुलाने गणितात कोठे चूक केली? कोठेही नाही. १,८५,४०० भागिले २४० म्हणजे ७७२.५० हे उत्तर निर्दोष आहे. दोष आहे तो त्या उत्तराला महत्त्व देण्यात. सरासरी खरेदीभाव हा तुमच्या गतकाळाचा आकडा आहे. तो तुमच्या वहीत आहे, बाजारात तो कोठेही लिहिलेला नाही. ९ तारखेच्या रात्री त्याच्यापुढे प्रश्न एवढाच होता की, आज हातात रोख रक्कम असती तर हे नाणे तीस डॉलरला मी विकत घेतले असते काय? या प्रश्नाऐवजी तो विचारीत होता की, माझे पैसे कधी परत येतील. ‘माझे पैसे’ हा शब्दप्रयोगच फसवा. ते पैसे दुसऱ्या कोणाचे झालेले होते. याच्यापाशी उरली होती ती नाणी, आणि नाण्यांची किंमत. घेतानाच त्याने वहीत लिहून ठेवले असते की, वीस टक्के उतरले की मी बाहेर, तर २४,८०० रुपये गेले असते. ते दुःखदायक खरेच; पण तेवढ्यावर घरचे लोक ओरडून गप्प बसतात.

या व्यापारातल्या मंडळींचा एक शब्द आहे: ‘अडकलोय’. “लुनात अडकलोय”, “वरच्या भावाला अडकलोय.” मला हा शब्द मोठा उद्बोधक वाटतो. लिफ्टमध्ये माणूस अडकतो, घाटात गाडी अडकते, सरकारी कचेरीत कागद अडकतो; या सर्वांत बाहेर पडण्याची वाट दुसऱ्या कोणाच्या हाती असते. येथे कोणी अडवले आहे? विकण्याची कळ अंगठ्याखाली आहे. दार सताड उघडे आहे आणि माणूस उंबऱ्यात बसून ‘अडकलोय’ म्हणतो, तेव्हा त्याला म्हणायचे असते की, बाहेर पडलो तर लिहावे लागेल. आमचे शेटजी ते अधिक प्रामाणिकपणे म्हणाले होते.

हा स्वभाव केवळ आपला नव्हे. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वेर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात हे दाखवले की, ज्या रकमेच्या लाभाने माणसाला जितका आनंद होतो, त्याहून तितक्याच रकमेच्या हानीने त्याला पुष्कळ अधिक दुःख होते. आणि हानी पदरात पडलीच आहे असे दिसू लागले की, एरवी सावध असणारा माणूस ती टाळण्यासाठी वाटेल तो जुगार खेळायला तयार होतो. पुढे टेरन्स ओडीन यांनी अमेरिकेतल्या एका दलाली पेढीच्या १०,००० खात्यांचे व्यवहार तपासून १९९८ मध्ये निष्कर्ष मांडला की, लोक वधारलेले शेअर लगबगीने विकतात आणि पडलेले उराशी धरून ठेवतात. आणि जे विकले ते पुढे, जे ठेवले त्यांच्याहून बरे निघाले. फुले तोडायची आणि तणाला पाणी घालायचे, असा हा बागकामाचा प्रकार.

पण त्या अभ्यासातली एक बारीक गोष्ट मला सर्वांत रोचक वाटली. वर्षाचे अकरा महिने असे वागणारे हेच लोक डिसेंबरात उलटे वागत. पडलेले शेअर काढून टाकीत. डिसेंबरात त्यांना ज्ञानप्राप्ती होत असे काय? तसे नाही. तेथे तोटा दाखवला तर करात वजावट मिळते, आणि वर्ष डिसेंबरात संपते. म्हणजे जे काम विवेकाने अकरा महिने झाले नाही ते कराने बाराव्यात करून घेतले. मास्तरांचा पाडवा आणि अमेरिकेतला डिसेंबर यांत तत्त्वतः काही अंतर आहे असे मला वाटत नाही.

आणि आपल्याकडे? १ फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पात अशा आभासी मालमत्तेच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर बसवण्यात आला, वर अधिभार-उपकर वेगळे. आणि १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर एक टक्का कर उगमापाशीच कापून घेण्याचे ठरले. यापेक्षा महत्त्वाचे कलम असे की, एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, अन्य उत्पन्नातूनही नाही, आणि पुढच्या सालावरही ओढता येत नाही. एका नाण्यात तुम्ही लाख रुपये मिळवले, दुसऱ्यात लाख घालवले. हातात शून्य, आणि कर ३०,००० रुपये, उपकर धरून ३१,२००. हे न्याय्य आहे की नाही यावर मतभेद होतील. सरकारचा हेतू या व्यापाराला उत्तेजन न देण्याचा असावा, आणि तो मला समजतो. परंतु परिणाम पाहा: नफ्याची नोंद सरकार घेते, तोट्याची घेत नाही. दुकानात मास्तर होते. येथे मास्तरांची जागाच रिकामी आहे. तोटा लिहून काहीच पदरात पडायचे नसेल तर कशाला लिहायचा, असे म्हणण्यास आपल्या तरुणाला हे एक आयते निमित्त मिळाले.

मी त्याला म्हणतो की, या नियमामुळे तुझी सावधगिरी दुप्पट व्हायला हवी. जेथे चुकीचे दाम चुकवून घेणारे कोणी नाही तेथे चूक लहान असतानाच संपवावी. आणि लहान लहान चुकाही दिवसाला दहा करू नयेत, कारण प्रत्येक विक्रीमागे तो एक टक्का अडकून पडतो आणि रक्कम झिजत जाते. पुष्कळांना वाटते की, तोटा तोडण्याची शिस्त म्हणजे सकाळी घ्यावे, दुपारी भिऊन विकावे, रात्री पुन्हा घ्यावे. ती शिस्त नव्हे, तो कंप आहे.

आता कोणी म्हणेल की, यासाठी यंत्राची सोय आहे. ‘स्टॉपलॉस’ लावून ठेवावा, म्हणजे ठरल्या भावाला माल आपोआप विकला जातो. लावावाच. पण त्याच्या मर्यादा ठाऊक असाव्यात. आज्ञा दोन प्रकारची असते. एकीत, भाव अमुक रेषेखाली आला की मिळेल त्या किमतीला विक्री होते. भाव कड्यावरून कोसळत असेल तर तुमची रेषा शंभराची आणि विक्री ऐंशीला, असे घडू शकते. दुसरीत, अमुक किमतीखाली विकू नये अशी अट असते. मग भाव त्या किमतीला ओलांडून एकदम खाली गेला की विक्री होतच नाही, आणि तुम्ही झोपेतून उठता तेव्हा माल जागच्या जागी आणि किंमत भलतीकडेच. शिवाय ज्या एक्सचेंजवर ती आज्ञा नोंदली ते एक्सचेंजच बंद पडले तर? २०२४ च्या जुलैत वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजमधून २३ कोटी डॉलरहून अधिक किमतीची नाणी चोरीला गेली आणि ग्राहकांचे व्यवहार वर्षाहून अधिक काळ ठप्प राहिले. तेथे कोणाचा कोणता स्टॉपलॉस काय करणार होता? म्हणून पहिली रेषा भावावर न ओढता रकमेवर ओढावी: या सबंध खेळात माझे एकूण किती जाऊ शकते, आणि गेले तर घराचा हप्ता थांबेल काय?

उसन्या पैशावर सौदे करणाऱ्यांना मात्र ही रेषा ओढावी लागत नाही. त्यांच्यासाठी ती एक्सचेंजच ओढून ठेवते. दसपट उसनवारीवर घेतलेला सौदा भाव दहा टक्के उतरला, बहुधा त्याच्या थोडा आधीच, की आपोआप मोडून टाकला जातो आणि तुमची सर्व रक्कम जाते. १० ऑक्टोबर २०२५ च्या सुमारास एका दिवसात असे १,९०० कोटी डॉलरहून अधिक रकमेचे सौदे मोडले गेले. त्यांतल्या बहुतेकांनी स्वतः तोटा तोडला नव्हता. तो दुसऱ्याने तोडला, आणि शेंड्यापासून न तोडता बुंध्यापासून.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे. ते हलके नाही, आणि त्याला टाळून गेलो तर मास्तरांचा विद्यार्थी म्हणवून घेण्याचा मला अधिकार उरणार नाही. ते असे की, २०२२ मध्ये १६,००० डॉलरला ज्यांनी बिटकॉइन विकले नाही त्यांनी २०२४ च्या डिसेंबरात तेच नाणे १ लाख डॉलरच्या पलीकडे गेलेले पाहिले. त्यांनी तुमच्या मास्तरांचे ऐकले असते तर? प्रश्न बिनतोड आहे. या मंडळींचे एक ब्रीदवाक्यही आहे, ‘होडल’. त्याचा उगम गमतीचा आहे: २०१३ च्या डिसेंबरात भाव कोसळत असताना कोणी एकाने, मद्याच्या अंमलात, ‘मी होल्ड करतो आहे’ हे लिहिताना अक्षरांची उलटापालट केली, आणि ती चूकच मंत्र होऊन बसली. पण हा मंत्र जपणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना माहीत असते की, त्याच मजकुरात त्या गृहस्थाने कबूल केले होते की, मला सौदे करता येत नाहीत, आणि ते येत नाहीत हे मला पक्के ठाऊक आहे, म्हणून मी विकत नाही. केवढी प्रांजळ कबुली! लोकांनी मंत्र उचलला आणि कबुली तेथेच टाकून दिली.

जो माणूस घेतानाच म्हणतो की, ही रक्कम मी दहा वर्षांसाठी पुरून ठेवली आणि सगळी बुडाली तरी चालेल, त्याच्याशी माझे भांडण नाही. तो सौदागरच नव्हे. माझे भांडण आहे ते, मंगळवारी घेऊन शुक्रवारी विकण्यासाठी ज्याने घेतले आणि शुक्रवारी भाव पडलेला पाहून जो म्हणाला की, मी दीर्घ मुदतीचा गुंतवणूकदार आहे, त्याच्याशी. त्याची मुदत तोट्याने ठरवली. आणि १६,००० चे बिटकॉइन वर आले म्हणून पैशाची लुनाही येईल, असे जेव्हा तो म्हणतो, तेव्हा वर आलेल्याकडे बोट दाखवताना जे कधीच वर आले नाहीत त्या शेकडो नाण्यांची नावेही त्याला आठवत नसतात. दो क्वॉन २०२३ च्या मार्चमध्ये माँटेनेग्रोत पकडला गेला आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात त्याने अपराध कबूल केला. आमच्याकडची २४० नाणी मात्र तेव्हाही ‘येणे’च होती.

या मुंबई इलाख्यात हे पहिल्यांदा घडत आहे असेही नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ पासून तिकडचा कापूस बंद झाला, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि टाउन हॉलसमोरच्या वडांखाली शेअरांचे जे पीक आले ते प्रेमचंद रायचंदांच्या नावाशी कायमचे निगडित आहे. १८६५ च्या एप्रिलात युद्ध संपल्याची वार्ता आली. पुष्कळ सौदे १ जुलैच्या वायद्याचे होते. मधले दोन-अडीच महिने हातात होते, कापूस रोज उतरत होता, आणि तरीही लोक भाव सावरेल म्हणून थांबले. १ जुलै उजाडला तेव्हा देणारा सापडेना आणि घेणारा सापडेना. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर भर तेजीत २,८५० रुपयांना गेला होता तो ८७ ला आला. परंतु १ जुलै उजाडला तरी होता. त्या पिढीच्या नशिबी निदान एक तारीख होती, जिच्यापुढे खोटी बाकी ओढता येत नव्हती. क्रिप्टोच्या सौदागराला अशी तारीख देणारे कोणी नाही. ती त्याने स्वतःच, घेण्याच्या क्षणी, डोके थंड असताना, स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवायची. घेतल्यानंतर लिहिलेल्या तारखेला मी तारीख मानत नाही.

मास्तर गेल्यानंतर त्यांच्या मुलाने मला एक लाल कापडी बांधणीची कोरी वही दिली होती. ती अनेक वर्षे कपाटात पडून होती. गेल्या पाडव्याला पुतण्या फराळाला आला तेव्हा मी ती काढून त्याच्यापुढे ठेवली. त्याने आधी थट्टा केली, मग फोन काढला, आणि ती २४० नाणी, जी आता ‘लुना क्लासिक’ या नावाने ओळखली जातात, पहिल्यांदाच विकायला काढली. जे आले ते इतके क्षुल्लक होते की, चिवड्याची बशी पुढे सरकवीत तो नुसताच हसला. मग त्याने वहीच्या पहिल्या पानावर लिहिले: लुना, बुडीत, रुपये १,८५,४००. आणि शेजारी त्या दिवसाची तारीख घातली.

मी म्हटले, “तारीख चुकली.”

“काका, आजच तर विकलं ना मी.”

“विकलंस आज. गेले कधी?”

तो थोडा वेळ पेन धरून बसला. मग घातलेली तारीख खोडून त्याने तिच्यावर ‘मे २०२२’ असे लिहिले. मास्तरांच्या वहीत खाडाखोड चालत नसे; चुकलेल्या नोंदीवर एकच सरळ रेघ, आणि खाली सही. पण ही वही आता त्याची होती, म्हणून मी काही बोललो नाही, आणि घरातून दुसरा चहा आला.